कूलर बंद करा, कोलाज चालू आहे

कोलाज हा शब्द आमच्याकडे बोलायची सोय नाही. "कोलाज करतो आहे," असं म्हटलं की समोरच्याला 'कॉलेज' ऐकू येतं आणि तो विचारतो, "या वयात? बाहेरून बसले का रेग्युलर?" म्हणून सरळ "कागदं कापून चिकटवतो" असं सांगावं, तर तो आवाज खाली आणून घरच्यांना विचारतो, "पहिल्यापासूनच असं हाय, का आत्ता लागलं?"

शब्द फ्रेंच आहे आणि त्याचं मूळ 'चिकटवणे' या क्रियापदात आहे. म्हणजे नावातच खळ आहे, बाकी सगळं नंतर आलं. पिकासोनं १९१२ साली एका चित्रात वेताच्या खुर्चीची जाळी दाखवताना ना वेत विणला, ना रंगवला. जाळी छापलेलं मेणकापड आणलं, चिकटवलं आणि चित्राच्या कडेनं दोर गुंडाळला. कलेच्या इतिहासात ही फार मोठी घटना समजतात. आमच्या आठवडी बाजारात संगमरवर छापलेलं मेणकापड मीटरवर मिळतं आणि ते ओट्यावर, टीव्हीखाली, शिलाई मशीनवर अंथरून घरोघरी हाच प्रयोग चालू असतो. फक्त पिकासोच्या मेणकापडावर कुणी भाताचा गरम गंज आणून ठेवला नाही.

पण शब्दाची अडचण किरकोळ आहे. खरी अडचण कागदाची. शहरातले जाणकार सांगतात, घरातली रद्दी घ्या आणि सुरू करा. खेड्यातल्या घरात रद्दी नावाची वस्तू नसते. कागद असतो, आणि प्रत्येक कागदाला मालक असतो. मागच्या महिन्याची वर्तमानपत्रं मांडणीवर अंथरायला ठेवलेली असतात, त्याच्या आधीच्या महिन्याची मांडणीवर अंथरलेली असतात आणि त्याच्याही आधीची सीताफळं पिकवायच्या टोपल्यात असतात. लग्नपत्रिकेच्या पाकिटात विजेची बिलं. खताच्या रिकाम्या पिशवीत सातबारा, फेरफार आणि सोसायटीच्या पावत्या. गुळगुळीत कॅलेंडरची मागची बाजू पोरांच्या वह्यांच्या कव्हरसाठी राखीव. कात्री नुसती हातात घेतली तरी आतल्या खोलीतून आवाज येतो, "थो कागद नको कापू बा! त्याच्यावर दुधाचा हिशोब हाय."

आणि नेमका तोच कागद हवा असतो. घरात वापरलेल्या कॅलेंडरइतका चांगला कच्चा माल कोलाजला दुसरा नाही. कालनिर्णय १९७३ साली सुरू झालं. त्याची छापील बाजू सगळ्या घरांत सारखी: तिथी, सण, चतुर्थीचा चंद्रोदय. पेनानं लिहिलेली बाजू मात्र एकट्या त्या घराची. चौकटीत 'दीड', 'दीड', मग फुली, म्हणजे दुधाचा खाडा. एकीकडे 'सिलेंडर लावला', दुसरीकडे 'गाय फळवली', आणि जूनच्या पंधरवड्यात तीन दिवस नुसतंच 'पाणी नाही'. वर खिळ्याचं भोक, बारा महिने ओढून फाटलेलं. छापील काळ आणि घरातला काळ एकाच चौकटीत आलेला असतो. चित्रकाराला करायचं एवढंच, की ते मधे न पडता दाखवायचं.

म्हणून पहिला नियम: कागद मागू नये, तासाभरासाठी उसना मागावा. झेरॉक्स काढून मूळ कागद ज्या खिळ्यावर होता त्याच खिळ्यावर परत लावावा. घरची शांतता हा यातला एक फायदा झाला. दुसरा कागदाच्या तब्येतीचा आहे. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडाचा लगदा जसाच्या तसा असतो, त्यातल्या लिग्निनमुळे उजेडात तो पिवळा पडतो आणि पुढे पापडासारखा मोडतो. जुन्या फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो, ओली खळ लागली की तो मऊ होऊन आजोबांचा चेहरा बोटाला येतो. त्यामुळे मूळ फोटो आणि मूळ दस्तऐवज कधीच चिकटवायचे नाहीत. मोडी लिपीतले कागद तर अजिबात नाहीत. ते वाचणारी माणसं आधीच कमी उरली आहेत, निदान कागद तरी शाबूत राहू द्यावेत.

झेरॉक्स लेझर मशीनवरची हवी. तिथली काळी पूड उष्णतेनं कागदावर बसलेली असते, पाण्यानं हलत नाही. शाईच्या प्रिंटरवरची प्रत खळ लागताच रडते. ओळखायला सोपं: कोपऱ्यावर ओलं बोट घासावं, बोट रंगलं तर ती प्रत परत करावी. ए-फोरची ए-थ्री करायची तर १४१ टक्के, उलट करायची तर ७१. बसचं तिकीट किंवा काडेपेटीचं लेबल मोठं करायचं असेल तर स्कॅन ६०० डीपीआयवर घ्यावं, कारण ३०० वर अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या येतात. हे सगळं सांगून झालं तरी एक धोका उरतो: झेरॉक्सवाल्याचा चांगुलपणा. तुमच्या कागदाला डाग आहेत, घडीच्या रेषा आहेत, कोपऱ्यात हळदीचं बोट उमटलं आहे, हे पाहून त्याला वाईट वाटतं आणि तो एक बटण दाबून सगळं स्वच्छ पांढरं करून देतो. त्याचे पैसेही घेत नाही. ज्या डागासाठी आपण तालुक्याला गेलो तो डागच घेऊन तो आपल्याला घरी पाठवतो. "डाग राहू दे भाऊ," असं आधीच सांगावं. तो विचित्र नजरेनं बघेल. बघू द्यावं.

आता कल्पना. इथे बहुतेक जण गुळात पडतात. कंदील, पाटा-वरवंटा, लाकडी पेटीचा रेडिओ, पितळेची घागर, बैलांची दमणी आणि मागे मावळता सूर्य. वरून सगळ्या कागदाला चहाचं पाणी फासायचं, की झाला इतिहास. हे कोलाज नव्हे, हायवेवरच्या गावरान ढाब्याची भिंत झाली. त्या भिंतीखाली बसून झुणका-भाकर गोड लागते यात वाद नाही, पण चित्र म्हणून बघितलं तर एका मिनिटात पोट भरतं. आठवण एकटी आली की लगेच लाडात येते. तिच्याशेजारी एखादी पावती बसवली की ती नीट बोलायला लागते. माझं प्रमाण ठरलेलं आहे: दर एका गोड वस्तूमागे एक हिशेबाचा कागद. कंदिलाशेजारी रेशनकार्डाचं रॉकेलच्या नोंदीचं पान. दमणीशेजारी बैलजोडीच्या कर्जाचा हप्ता. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' या ओळीशेजारी मंडपवाल्याचं बिल.

आणि सुरुवात विषयापासून करू नये, एखाद्या कागदापासून करावी. 'कापूस' हा विषय घेतला तर हात चालत नाही. कापूस एकाधिकार खरेदीच्या काळातली मोजमापाची पावती समोर ठेवली तर चालतो. शेतकऱ्याचा कापूस सरकारनंच घ्यायचा, अशी ती योजना राज्यात १९७२ साली आली. पावतीवर प्रत असते, वजन असतं, भाव असतो. तिथून मागे जायचं. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि इकडचा भाव चढला. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा आला. १८७७ च्या पहिल्या दिवशी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. अमरावतीचा कापूस जगाच्या बाजारात 'ऊमरा' म्हणून विकला जायचा, आणि मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ताग्यावर आपल्याच देवादिकांची रंगीत लेबलं चिकटवलेली असायची. म्हणजे सरकी काढून रुई इथून जायची आणि लक्ष्मीचं चित्र लावून कापड परत यायचं. गठाण गेली, तागा आला, मधल्या वाटेत पैसा कुठं उतरला? एवढा एक प्रश्न हाती आला की कोलाज उभं राहतं. वर ताग्याच्या लेबलची झेरॉक्स, खाली मोजमापाची पावती, आणि दोघांच्या मधे जाणूनबुजून सोडलेली चार बोटं रिकामी जागा. ती जागा सगळ्यात महत्त्वाची. बघायला येणारा प्रत्येक माणूस सांगतो, "इथं काही लावायचं राह्यलं वाटते."

या ठिकाणी खरा कापूस चिकटवायचा मोह होतो. होऊ द्यावा, पण चिकटवू नये. एकतर ते लगेच शाळेचा प्रकल्प दिसतं. दुसरं, बोंडाच्या जाडीमुळे वरून काच बसत नाही. आणि बोंडात सरकी राहिली असेल तर रात्री उंदीर येऊन समीक्षा करून जातो. काळ्या मातीसाठी जुना कार्बन पेपर सुचतो, तोही नको. तो जिथं लागेल तिथं निळा होतो: आधी बोटं, मग कागद, मग भिंत. वर्तमानपत्रातल्या जाहिरातींच्या काळ्या भागांचे तुकडे फाडावेत. दहा काळे दहा जातींचे निघतात, आणि शेजारी लावले की खरंच भेगाळलेल्या वावरासारखे दिसतात.

तारखांचं भान मात्र ठेवावं लागतं. पूर्वी मूर्तिजापूरवरून यवतमाळ आणि अचलपूरकडे जायची ती छोटी रेल्वे, शकुंतला घ्या. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत, त्यानंतर डिझेल. धूर सोडणाऱ्या शकुंतलेखाली १९९८ चं कॅलेंडर लावलं तर चित्र कितीही देखणं असो, पारावरचा पहिला म्हातारा तिथेच बोट ठेवतो. पुठ्ठ्याचं जुनं रेल्वे तिकीट साधारण ५७ बाय ३० मिलिमीटरचं असतं. ते त्याच मापात ठेवावं, मोठं केलं की तिकिटाची लग्नपत्रिका होते. आणे-पैचा भाव असलेली चिठ्ठी आणि 'नवे पैसे' एकत्र आणताना लक्षात असू द्यावं, की दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. चार आण्याला लोक पुढेही चार आणेच म्हणत राहिले, ३० जून २०११ ला पंचवीस पैशाचं नाणं चलनातून जाईपर्यंत, हा भाग वेगळा. तोंडात चालतं, कागदावर चालत नाही.

सातबाऱ्याबद्दल एक इशारा. त्याच्या रेघा, रकाने, तलाठ्याची फिरकी सही, सगळं चित्राच्या दृष्टीनं फार सुंदर असतं. पण गट नंबर आणि नावं झाकल्याशिवाय तो लावू नये. गावात चित्र कुणी बघत नाही, वाचतात. भिंतीवरच्या कोलाजात एखाद्याला गट नंबर दिसला की तो चष्मा काढून पुसतो, परत लावतो, आणि तीस वर्षं शांत असलेला धुऱ्याचा वाद चहा येण्याच्या आत पुन्हा उभा राहतो.

कागदांची छाननी विषयावारी न करता स्वभावावारी करावी: बोलणारे, चेहरेवाले आणि गप्प बसणारे. बोलणारे म्हणजे अक्षरं, आकडे, शिक्के. गप्प बसणारे म्हणजे पाकिटाच्या आतली निळी नक्षी, खाकी कागद, साडीच्या खोक्यातला पातळ कागद, बियाण्याच्या पिशवीची कोरी बाजू. नवखा माणूस बोलणारे आणि चेहरेवाले एवढेच गोळा करतो आणि मग चित्रात ग्रामसभा भरते, सगळे एकदम बोलतात, ठराव काही होत नाही. ए-थ्री आकारात एक चेहरा, दोन-तीन बोलणारे आणि निम्म्याहून जास्त जागा गप्प बसणाऱ्यांना, एवढं पुरतं. कुर्ट श्विटर्स या जर्मन चित्रकारानं तिकिटं, वेष्टणं, रस्त्यावरची चिठोरी जमवून आयुष्यभर हेच केलं. आपल्या कामाला त्यानं 'मेर्त्स' नाव दिलं, तेही 'कोमेर्त्स' या छापील शब्दाचा कापून उरलेला तुकडा.

तर्रीचा डाग पडलेला कागद मात्र दिसायला कितीही मोहक असला तरी बाजूला ठेवावा. तेल मुरलेल्या जागी पाण्याची खळ धरत नाही. पोह्यांचं वर्तमानपत्र आठवड्यात सुटून खाली येतं, वासासकट.

कात्रीचं राजकारण वेगळंच. घरात कात्री एकच असते, ती ब्लाउजची असते आणि तिनं कागद कापणं हा गुन्हा असतो. यात घरच्यांचं बरोबर आहे. कागदात खडू-मातीसारखी भर घातलेली असते आणि ती धारेला खाते. वेगळी कात्री घ्यावी. कापताना कात्री जागेवर ठेवून कागद फिरवावा, वळणं गुळगुळीत येतात. कटर असेल तर खाली काच घेऊ नये, पात्याचं टोक मरतं. जाड पुठ्ठा किंवा लिनोलियमचा तुकडा बरा. पातं बोथट झालं की ते कागद कापत नाही, ओढतं. त्याआधीच टोकाची चकती मोडावी. हाना होख या जर्मन चित्रकर्तीनं १९१९-२० मध्ये केलेल्या गाजलेल्या कोलाजच्या नावातच स्वयंपाकघरातली सुरी आहे. आमच्याकडे ती सुरी सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरायच्या वेळेला जागेवर नसेल तर कलेचा इतिहास तिथेच थांबतो. आणि "या वयात?" असं विचारणाऱ्यांसाठी मेरी डिलेनी नावाची इंग्रज बाई ध्यानात ठेवावी. १७७२ साली, बहात्तराव्या वर्षी तिनं रंगीत कागद कापून काळ्या पार्श्वभूमीवर फुलं चिकटवायला घेतली आणि दहा वर्षांत हजाराच्या जवळपास केली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. रेग्युलर बसली होती, बाहेरून नाही.

फाडायचं असेल तर आधी कागदाचा धागा ओळखावा. प्रत्येक मशीनच्या कागदाला कापडासारखा उभा-आडवा असतो. उभ्या धाग्यानं फाडला की सरळ फाटतो, आडवा फाडला की मांजरानं फाडल्यासारखा. छापील कागद फाडला की एका तुकड्याला पांढरी कड येते आणि दुसऱ्याला येत नाही. कोणत्या बाजूनं ओढलं यावर ते ठरतं, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर ओढून पाहावं. पांढरी कड फार कामाची, पण हवी तिथे. चेहऱ्याभोवती आली तर माणूस साबण लावून बसल्यासारखा दिसतो.

देवांचं काय करायचं हा प्रश्न कधी ना कधी येतोच. जुन्या कॅलेंडरवरचे, अगरबत्तीच्या पुड्यावरचे, पत्रिकेवरचे. आमच्याकडे असे देव पिंपळाच्या बुडाशी नेऊन ठेवतात, कापत नाहीत. त्या भावनेशी भांडून कोलाज होत नाही. देव अखंड ठेवावा आणि त्याच्या आजूबाजूचं उचलावं: ढग, कमळं, प्रभावळ, महिरप. प्रभावळीच्या मधोमध मोजमापाच्या पावतीचा आकडा ठेवला तर तो कुणाच्या भावनेला लागत नाही आणि ज्याला कळायचं त्याला कळतो.

पोस्टरांचा माल गडचिरोली-चंद्रपूरकडे भरपूर. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की देसाईगंज-वडशापासून प्रत्येक फाट्यावरची भिंत रंगते. एका कोपऱ्यात रडणारी आई, दुसऱ्यात बंदूकवाला, मधे नाचणारी जोडी आणि वर जळतं कुंकू, म्हणजे पोस्टर मुळातच कोलाज असतं. आपण दुसऱ्यांदा करायचं एवढंच. त्याच भिंतीवर खाली शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं पोस्टर, त्याखाली बियाण्याची जाहिरात, त्याखाली शिकवणी वर्ग, असे थर असतात. पॅरिसमध्ये रेमों हेन्स आणि जाक व्हिलेग्ले यांनी १९४९ पासून भिंतीवरची फाटकी पोस्टरं उतरवून तीच चित्रं म्हणून मांडली. आपल्याकडे करायचं तर प्रयोग होऊन गेलेलंच पोस्टर घ्यावं आणि भिंतीच्या मालकाला विचारून घ्यावं. फवाऱ्यानं कोमट पाणी मारावं, दहा मिनिटं मुरू द्यावं, पुन्हा मारावं, आणि पातळ उलथणं खालून सरकवत चार-पाच थर एकदम सोडवावेत. थर सावलीत वाळवून मग वरून फाडत जावं, आतून काय निघेल ते निघेल. उलथणं घासून जागेवर ठेवावं.

आता खळ. एका ए-थ्रीला पाव वाटी मैदा आणि सव्वा वाटी पाणी. आधी थोड्या गार पाण्यात मैदा गाठ न राहता कालवायचा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवायची आणि मलमलीतून गाळायची. गाळायचा कंटाळा केला तर प्रत्येक गाठ वाळल्यावर चित्रावर पुटकुळी होऊन उठते. पातळ कागदाला कढीइतकी सैल, पुठ्ठ्याला श्रीखंडाइतकी घट्ट. ही दोन मापं सांगायला सोपी आहेत, पण त्यांच्यामुळेच गडबड होते: गॅसवर गंजात कढीसारखं काही दिसलं की कुणीतरी येऊन चमचा बुडवतोच. म्हणून जुन्या बाइंडिंगवाल्यांसारखा खळीत मोरचूद घालायचा नाही. त्यानं किडे लांब राहतात हे खरं, पण ते विष आहे, वर कागदावर हिरवट झाक येते. खळ साधीच करावी आणि मेच्या उन्हात त्याच दिवशी संपवावी. दुसऱ्या दिवशी ती आंबते. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, पण भांड्यावर 'खळ' असं लिहून, तेही मोठ्या अक्षरात.

बाभळीचा डिंक आमच्याकडे मुबलक, पण त्याच्यावर पहिला हक्क लाडूंचा. शिवाय कोरड्या उन्हात तो ठिसूळ होऊन तडकतो आणि कागद टपकन सुटतो. घोंगडीला लावतात ती चिंचोक्याची खळ भक्कम असते, पण तिची पिवळसर झाक पांढऱ्या कागदावर दिसते. फेविकॉल दोन भाग आणि पाणी एक भाग करून पुठ्ठ्यासाठी उत्तम, मात्र एकदा चिकटलं की कायमचं. मैद्याची खळ ओलावून सोडवता येते. ज्याला आपला निर्णय बदलायची सवय आहे त्यानं मैद्याकडेच राहावं.

चिकटवण्याआधी सगळी मांडणी एक दिवस कोरडीच ठेवावी, मोबाइलवर फोटो काढावा, तुकड्यांच्या पाठीवर पेन्सिलीनं नंबर घालावेत. आणि इथेच खरी लढाई सुरू होते, कारण मे महिना असतो आणि बाहेर पंचेचाळीस अंश. पंखा लावला तर १८५३ चं वऱ्हाड पलंगाखाली जातं आणि लक्ष्मी देवघरात. प्रत्येक तुकड्यावर चिंचोका ठेवावा. चाळीस तुकडे, चाळीस चिंचोके. मग घरातल्या पोरांना वाटतं डाव मांडला आहे, आणि ते खेळायला बसतात.

पंखा बंद करून कूलर लावला तर दुसरीच तऱ्हा. कूलरच्या ओल्या गवतातून येणारी हवा माणसाला सुख देते आणि कागदाला ताप. कागद ओल पितो आणि आडव्या धाग्यात फुगतो. उभ्या धाग्यात जवळजवळ नाही. दोन तुकडे वेगवेगळ्या धाग्यानं चिकटवले असतील तर ते एकमेकांना ओढतात आणि चित्राचं तोंड वाकडं होतं. धागा कळत नसेल तर कोपऱ्याचा लहान चौकोन एका बाजूनं ओला करावा. तो ज्या नळीत गुंडाळतो, त्या नळीच्या लांबीच्या दिशेनं धागा. सगळ्या मोठ्या तुकड्यांचा धागा एकाच दिशेला ठेवावा.

मग कूलरही बंद केला तर? ब्रश गंजातून कागदापर्यंत येईतो खळ वाळते, कपाळावरचा घाम मात्र थेट चित्रावर पडतो आणि तो वाळत नाही. घरातली माणसं दाराशी उभी राहून विचारतात, "कूलर काऊन बंद केला?" त्यांना कागदाचा धागा समजावण्याची ती वेळ नसते. यावर मला सापडलेला उपाय एकच, पहाटे पाच ते आठ. हवा स्थिर, ऊन कमी, आणि भारनियमन असलं तरी फरक पडत नाही. आठनंतर हात धुवावेत.

लावताना तुकडा पालथा टाकाऊ कागदावर ठेवून मधून कडेकडे खळ फिरवावी आणि अर्धा ते एक मिनिट थांबावं. या मिनिटात कागद फुगून घेतो. घाई केली तर तो चिकटल्यावर फुगतो आणि फुगे येतात. मग जागेवर ठेवून वर बटर पेपर आणि त्यावरून लाटणं हलक्या हातानं. लाटणं जागेवर नेऊन ठेवण्याबद्दल वेगळं सांगत नाही. पुठ्ठा बाइंडिंगचा, दोन-अडीच मिलिमीटरचा. समोर जेवढा कागद लावला तेवढ्याच ताकदीचा कागद त्याच दिवशी मागेही लावावा, नाहीतर वाळताना पुठ्ठा समोरच्या बाजूला वळतो. आमच्याकडे गच्चीवर त्याच दिवसांत कुरडया, पापड आणि सरगुंडे वाळत असतात. तिथं कोलाज नेऊ नये. उन्हानं ते पापडापेक्षा लवकर वळतं, आणि तळताही येत नाही. कोऱ्या कागदांच्या मधे घालून वर सपाट फळी आणि वजन ठेवून चोवीस तास दाबावं, मधले कागद दोन-तीनदा बदलावेत. मधे वर्तमानपत्र घातलं तर त्याची शाई उमटते आणि देवीच्या कपाळावर उलटी बातमी येते.

वाळल्यावर काच, चौकट. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून जुन्या चपलेच्या तळाचे एकेक सेंटिमीटरचे तुकडे लावावेत, म्हणजे भिंतीपासून ती सुटी राहते. मातीच्या भिंतीतून वाळवी सरळ पुठ्ठ्यात शिरते, आणि पावसाळ्यात ओल धरली की बुरशी. मैद्याच्या वासानं कसर येतेच, तेव्हा वर्षातून एकदा मागची बाजू उघडून पाहावी. पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगू नये.

टांगल्यावर गावातली माणसं येतात. हातात चहाची बशी घेऊन समोर उभी राहतात. गठाण, तागा, लक्ष्मी, चार बोटं रिकामी जागा, या सगळ्यावरून नजर फिरते आणि कोपऱ्यातल्या कॅलेंडरच्या तुकड्यावर थांबते. चष्मा सरळ होतो. ओठ हलायला लागतात.

"बारा तारखेले दीड लिटर लिहिलं हाय."

"हो."

"बाराले दूध आलंच नव्हतं. थ्या दिवशी म्हैस आटली होती." आणि मग आतल्या दाराकडे मान वळवून, "वहिनी, त्याचे पैसे कापले होते का?"

आतून पेन शोधल्याचा आवाज येतो.